विषय: म्हैसूरला प्राणिसंग्रहालयाच्या माळ्यांच्या मेळाव्याला जाताना

दादा, बेळगावहून कसं जायचं आणि सोबत काय न्यायचं, असं विचारलंय तुम्ही. रात्रीची राणी चन्नम्मा एक्सप्रेस पकडा, सकाळी बंगळूर, तिथून म्हैसूरला गाड्या भरपूर. मंगळवार मात्र टाळा, त्या दिवशी म्हैसूरचं प्राणिसंग्रहालय बंद असतं. ते 1892 पासूनचं आहे, तिथली जुनी झाडं निवांत बघायला एक दिवस जादा ठेवाच.

निघण्याआधी बेळगावजवळच्या भूतरामनहट्टीच्या प्राणिसंग्रहालयाला एक चक्कर मारा. कुंपणालगत काय लावलंय, हरणं कुठवर तोंड घालतात, सालीला काय इजा होते, सगळं वहीत उतरवून घ्या. बागेतला माळी फुलं बघतो, आपल्याला आधी जनावराचं तोंड बघावं लागतं. कण्हेर दिसायला देखणी, पण हरणाच्या पोटात चार पानं गेली तरी जीव जाऊ शकतो. घाणेरीही तशीच वाईट. वड, उंबर, बांबू यांचा पाला कुणाला किती घालतात, हे तिथे जरूर विचारा. मला तरी हाच विषय सगळ्यात मोलाचा वाटतो.

रोपं नेणार असाल तर मातीसकट नेऊ नका, मातीतून रोग आणि सूत्रकृमी (मुळांना लागणारे बारीक जंत) जातात. बियाच न्या, कोरड्या कागदात बांधून.