क्लबहाउसचा वायफाय पासवर्ड

ए-302: पासवर्ड परत बदलला का? सकाळपासून जोडलं जात नाही. बदलता तेव्हा कळवत जा की.

सचिव: बदललाय. ग्रुपवर टाकणार नाही, मागच्या वेळचं सगळ्यांना आठवत असेल. ऑफिसात या.

बी-104: मी मीटिंगमध्येच म्हटलं होतं, मॅक फिल्टर लावा, म्हणजे यादीतल्याच फोन-लॅपटॉपना वायफाय मिळेल. कटकटच नको.

सी-501: काका, मॅक पत्ता, म्हणजे उपकरणाचा ओळख क्रमांक, हवेतून जाणाऱ्या प्रत्येक फ्रेमच्या (डेटाच्या तुकड्याच्या) हेडरमध्ये उघडाच जातो. ऐकणारा तो उचलून स्वतःच्या लॅपटॉपला लावतो. वर हल्लीचे फोन प्रत्येक नेटवर्कला वेगळा रँडम मॅक दाखवतात. यादी कोण सांभाळणार?

डी-203: सचिव सांभाळतील, पार्किंगची सांभाळतात तशी 😄

सचिव: पार्किंगचा विषय इथे नको, कृपया.

ए-302: पण पासवर्ड हवेतून जातो, तो कोणी पकडला तर?

सी-501: जात नाही. पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव यांतून 4096 फेऱ्या करून 256 बिटांची किल्ली बनते, ती दोन्हीकडे आपापली तयार होते. मग राउटर आणि फोन एकमेकांना एकेक रँडम आकडा देतात आणि चार निरोपांत किल्ली जुळते का ते पडताळतात. डब्ल्यूपीए2 ची, म्हणजे वायफायच्या जुन्या सुरक्षा पद्धतीची, गोची पुढे आहे. ते निरोप टिपले की घरी बसून हवे तितके पासवर्ड लावून बघता येतात, राउटरला पत्ताही लागत नाही. सोसायटीचं नाव आणि पुढे 123, हा किती वेळ टिकेल?

सचिव: तो आधीच्या कमिटीचा होता.

डी-203: रात्री सगळ्यांचं एकदम तुटतं, ते काय?

सी-501: चॅनलवर गर्दी असू शकते. पण डब्ल्यूपीए2 मध्ये 'डिसकनेक्ट हो' हा निरोप खोटा पाठवता येतो. फोन परत जोडला जातो आणि वरचे चार निरोप ऐकणाऱ्याला आयते मिळतात. सेटिंगमध्ये पीएमएफ (असे खोटे निरोप रोखणारी सोय) 'रिक्वायर्ड' करा. जुनी उपकरणं अडतील, त्यांची तयारी ठेवा.

बी-104: म्हणूनच म्हणतो, मॅक फिल्टर.

सी-501: 🙏 डब्ल्यूपीए3 लावा, ती डब्ल्यूपीए2 च्या पुढची पद्धत. त्यात टिपलेल्या निरोपांवर घरी बसून अंदाज चालत नाही, दर अंदाजाला राउटरशीच बोलावं लागतं. पीएमएफ सक्तीचंच. मिक्स मोड (दोन्ही पद्धती एकदम) मात्र नको, एकच पासवर्ड डब्ल्यूपीए2 वरही चालला तर जुनी वाट उघडीच. प्रिंटरला डब्ल्यूपीए3 जमत नसेल तर त्याला वेगळं नेटवर्क, वेगळा पासवर्ड. आणि डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता पिन किंवा बटणाने जोडायची सोय) आजच बंद करा. पिन आठ आकडी असला तरी तो दोन तुकड्यांत तपासला जातो आणि शेवटचा आकडा चेकसम, म्हणजे आधीच्या सातांवरून काढलेला असतो. म्हणजे फार तर 10,000 + 1,000 = 11,000 प्रयत्न.

सचिव: डब्ल्यूपीएस बंद केलं. डब्ल्यूपीए3 चा पर्याय दिसत नाही.

सी-501: फर्मवेअर (राउटरमधलं सॉफ्टवेअर) अपडेट करून बघा. तरी नाही आला तर डब्ल्यूपीए2, त्यात एन्क्रिप्शन फक्त एईएस, जुनं टीकेआयपी नको. पासवर्ड 20 अक्षरांचा तरी हवा, 63 पर्यंत चालतात.

डी-203: मराठीत ठेवूया, बाहेरच्याला जमणारच नाही!

सी-501: देवनागरी चालत नाही, साधी रोमन अक्षरं, आकडे आणि चिन्हंच.

ए-302: 20 अक्षरं सासूबाईंच्या फोनमध्ये मीच टाकायची ना?

सचिव: ऑफिसात क्यूआर लावतो. फोटो काढून ग्रुपवर टाकू नये.

बी-104: क्यूआर ठीक. सोबत मॅक फिल्टरही लावा.