पावडर कोटिंगच्या ओव्हनला सकाळी गॅस कमी पडतो, टाक्यांवर बर्फ धरतो, काय करावं?

अंबडचा_सुपरवायझर
नमस्कार मंडळी. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं छोटं पावडर कोटिंगचं (धातूवर पावडरचा रंग मारून ओव्हनमध्ये भाजायचं) युनिट आहे, मी शिफ्ट बघतो. ओव्हनला 19 किलोच्या 8 एलपीजी टाक्यांचा मॅनिफोल्ड (सगळ्या टाक्या जोडणारा एकच पाईप) आहे, चार चालू चार स्टँडबाय. थंडी पडली की पहिल्या शिफ्टला तासाभरात प्रेशर पडतं, बर्नर फडफडतो नि ट्रिप होतो, टाकीच्या खालच्या अंगाला पांढरा बर्फ. आत गॅस तर असतो, हलवली की डुचमळतो. पोरं मग बादलीने उकळतं पाणी ओततात, आणि काल एकाने टाकी चक्क आडवी करून चालवायला घेतली, मी ओरडलो तर म्हणे साहेब आधीच्या कंपनीत असंच करायचो. गॅसमध्ये भेसळ आहे का? मालकांना नक्की काय सांगू?

जुना_फिटर
भाऊ भेसळ नाहीये. टाकीत लिक्विड असतं, त्याची वाफ होऊन बर्नरला जाते, आणि वाफ व्हायला जी उष्णता लागते ती टाकीच्या पत्र्यातून नि बाहेरच्या हवेतून येते. तुम्ही ओढता जास्त, बाहेरून उष्णता येते कमी, मग टाकी गार पडत जाते. त्यात प्रोपेन उणे 42 ला उकळतो पण ब्युटेन शून्याच्या आसपास, त्यामुळे आपल्याकडे डिसेंबरात पारा उतरला की प्रेशर आणखी बसतं. बर्फ जिथपर्यंत, साधारण तिथपर्यंत लिक्विड, बघा उद्या.

हिशोब करा. 19 किलोची टाकी सलग चालवली तर तासाला अंदाजे अर्धा-पाऊण किलो गॅस देते, थंडीत त्याहून कमी. बर्नरवरच्या माहितीच्या प्लेटवर समजा तासाला 60 हजार किलोकॅलरी असेल, तर किलोला 11 हजार धरून तासाला साडेपाच किलो लागतो. चार टाक्या फार तर तीन किलो देणार. बाकीचा आणायचा कुठून?

आडवी टाकी आजच्या आज बंद करा, हात जोडून सांगतो. लिक्विड थेट रेग्युलेटरमध्ये जातं, आणि एक लिटर लिक्विडचा जवळपास अडीचशे लिटर गॅस होतो, म्हणजे ज्वाळा ओव्हनच्या बाहेर. उकळतं पाणी, हीटर, पेटता टॉर्च काही नको, आतलं प्रेशर किती चढलं ते कोणाला दिसत नाही. लोडला पुरतील इतक्या टाक्या एकावेळी चालू ठेवा, नाहीतर लिक्विड ऑफटेकच्या (वाफेऐवजी लिक्विडच बाहेर देणाऱ्या) टाक्या आणि त्या लिक्विडची गरम करून वाफ करणारा व्हेपोरायझर बसवा. मात्र लिक्विडवाली टाकी चुकून साध्या लाईनला लागणार नाही हे बघा.

सेफ्टीवाली_सातपूर
दादा, टाक्या वाढवण्याआधी एक बघा. 8 गुणिले 19 म्हणजे 152 किलो आत्ताच झाले, आणि 100 किलोच्या वर साठा असला की गॅस सिलेंडर रूल्स 2016 प्रमाणे पेसोचं (स्फोटकं नि गॅसच्या सुरक्षेचं केंद्र सरकारचं खातं) लायसन लागतं. भरलेल्या, रिकाम्या सगळ्या मोजा.

दुसरं, मॅनिफोल्ड ओव्हनच्या शेजारी आत आहे का? एलपीजी हवेपेक्षा जड, दीड ते दोन पट, तो वर जात नाही, जमिनीवरून पाण्यासारखा सरकतो नि खड्डा शोधतो. मी आधी जिथे होते तिथे पिगटेलचा (टाकी मॅनिफोल्डला जोडणारा छोटा) पाईप तडकला होता, गॅस केबलच्या चरात उतरला, आणि बराच लांब ग्राइंडर चालू होता तिथे पेटला. एका हेल्परचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत भाजले, बूट काढताना तो जे ओरडला ते मला अजून ऐकू येतं. हवेत 2 टक्के गॅस झाला तरी पेटतो. म्हणून डिटेक्टर छताला नाही, जमिनीपासून वीतभर वर.

रात्रपाळी
टाकी बदलली की प्रत्येक जॉइंटला साबणाचं पाणी लावायचंच, काडी लावून बघणारे अजून आहेत. वास आला तर दिव्याचं बटण चालूही करू नका, बंदही करू नका, वॉल्व बंद, माणसं बाहेर, 1906 आणि 101 ला फोन. आणि जॉइंटला पेटलेलं असेल तर वॉल्व बंद करता येत नसताना नुसती आग विझवू नका, गॅस साठून पुन्हा पेटतो तो जास्त वाईट.

अंबडचा_सुपरवायझर
खूप आभार सगळ्यांचे. आज जाऊन प्लेट बघितली, 80 हजार आहे, म्हणजे चार टाक्यांवर सव्वासात किलो मागतोय आम्ही. आणि ताई, मॅनिफोल्ड आतच आहे, त्याच्या खाली दोन फुटांवर गटाराची जाळी निघाली, इतकी वर्षं त्यावर पॅलेट ठेवलेलं होतं. मालकांना तिथेच उभं करून दाखवलं. उद्यापासून ओव्हन बंद, मॅनिफोल्ड बाहेर कंपाउंडला जाळीच्या शेडमध्ये हलवतोय, व्हेपोरायझरवाल्याला बोलावलंय. लायसनला काय कागद लागतात ते कोणी सांगेल का?