ह्यूगेनो पूर्वज आणि बदललेली आडनावे: माग कसा काढावा?

सुरंगी (दापोली):
माझी मुलगी लग्नानंतर दक्षिण आफ्रिकेत केपटाउनजवळ राहते आणि तिच्या सासरचे आडनाव फिल्यून आहे. त्या घरात पिढ्यानपिढ्या असे सांगत आले आहेत की त्यांचा मूळ पुरुष फ्रान्समधला ह्यूगेनो, म्हणजे कॅल्व्हिनच्या मताचा प्रॉटेस्टंट होता. चौदाव्या लुईने १६८५ मध्ये नांतचा जाहीरनामा रद्द करून त्यांचे धर्मस्वातंत्र्य काढून घेतल्यावर तो परागंदा झाला आणि १६८८ च्या जहाजाने केपला उतरला. त्याचे मूळ आडनाव ‘व्हिलियों’ होते, असेही ते म्हणतात.

माझ्या नातीला दोन्ही घरांची वंशावळ लिहायची आहे. आमच्याकडेही हाच पेच आहे, कारण माझ्या माहेरच्या पणजोबांच्या नावापुढे फेरफारात ‘खोत’ लिहिले आहे आणि आजोबांच्या शाळेच्या दाखल्यात गावावरून पडलेले ‘कर’ अंताचे आडनाव आहे. आडनावच बदलते तेव्हा माणूस तोच आहे हे कशावरून ठरवायचे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

कातळसडा (रत्नागिरी):
सुरंगीताई, घरात सांगितली जाणारी हकीकत आणि कागद या दोन गोष्टी प्रथम वेगळ्या ठेवाव्यात. केपमधील फिल्यून घराण्याचा मूळ पुरुष म्हणून जो फ्रान्स्वा व्हिलियों ओळखला जातो, तो गाड्या बनवणारा कारागीर होता आणि १६७१ मध्येच केपला पोहोचला होता, म्हणजे १६८५ चा हुकूम निघण्याच्या चौदा वर्षे आधी. तो ह्यूगेनोच मानला जातो. परंतु १६८८ चे जहाज त्याच्या कथेत मागाहून आले असावे असे मला वाटते. त्या व त्याच्या पुढच्या वर्षी ह्यूगेनोंची मोठी तुकडी केपला आली, आणि मोठ्या घटनेशी आपले घर जोडून घेण्याकडे सगळ्याच घराण्यांचा कल असतो. आपल्याकडेही अनेक वंशावळी एखाद्या स्वारीपासून सुरू होतात. म्हणून नातीने वहीत ‘घरात असे सांगतात’ हा एक रकाना आवर्जून ठेवावा.

आडनाव का बदलले याचे कारण केपच्या कारभारात सापडते. गव्हर्नर सिमोन व्हान डेर स्टेल याने या फ्रेंच कुटुंबांना स्टेलेनबॉश आणि ड्राकेनस्टाइन भागांत डच शेतकऱ्यांच्या शेजारी विखरून जमिनी दिल्या, अठराव्या शतकाच्या आरंभी केपचा कारभार पाहणाऱ्या डच ईस्ट इंडिया कंपनीने शाळेतून व सरकारी व्यवहारातून फ्रेंच भाषा काढून टाकायला सुरुवात केली, आणि दोन-तीन पिढ्यांत ती घरांतूनही गेली. त्यानंतर चर्चमधला डच लेखनिक कानाला लागेल तसे नाव लिहीत असे. त्यातून क्रोनिएचे क्रोन्ये, पिनारचे पीनार, जुर्दांचे योर्दान आणि ल क्लेर्कचे द क्लेर्क झाले. सख्ख्या भावंडांच्या बाप्तिस्म्यातही एकाच आडनावाची वेगवेगळी अक्षरे आढळू शकतात, त्यामुळे आजच्या अक्षरांनी शोध घेतल्यास अर्धे कुटुंब हातून निसटते.

त्यापेक्षा आजपासून मागे जावे. केपमध्ये १८३४ नंतरच्या मृत्यूपत्रकांत मृताच्या आईवडिलांची, जोडीदाराची व मुलांची नावे भरलेली असतात, त्यामुळे एका कागदात तीन पिढ्या हाती लागतात. त्याच्या अलीकडचा काळ असा जोडून घेतला की बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या उघडाव्यात आणि तिथे आडनावाइतकेच साक्षीदार वाचावेत, कारण साक्षीदार बहुधा आजी-आजोबा, काका, मावशी किंवा शेजारी असत. शिवाय तिथे थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे आणि दुसऱ्याला आईच्या वडिलांचे नाव ठेवण्याचा प्रघात होता. आपल्याकडे नातवात आजोबांचे नाव परत येते, तशीच ही खूण उपयोगी पडते. मात्र एकाच नावाचे चार चुलतभाऊ त्यामुळेच निर्माण होतात, हेही ध्यानात असू द्यावे.

नवगाव किनारा (अलिबाग):
वरील उत्तराला एक पुरवणी जोडतो. इंग्लंडमध्ये गेलेल्या ह्यूगेनोंपैकी काहींनी आडनावाचे सरळ भाषांतरच केले, म्हणजे लब्लांचे व्हाइट झाले. त्याउलट फ्रेंच वाटणारे प्रत्येक आडनाव ह्यूगेनो नसते. नॉर्मन काळापासूनची, म्हणजे अकराव्या शतकात फ्रान्सकडून आलेल्या राज्यकर्त्यांच्या वेळची, आणि १७८९ च्या क्रांतीनंतर पळालेल्या कॅथलिकांची नावेही तिथे आहेत.

आमच्या भागात बेने इस्रायल, म्हणजे कोकणातील ज्यू समाजाची पेणकर, रोहेकर, केहीमकर ही आडनावे गावांवरून पडलेली आहेत. ‘कर’ हे गाव सांगते, कूळ सांगत नाही. एकाच गावातून बाहेर पडलेल्या निरनिराळ्या जातिधर्मांच्या लोकांनी एकच आडनाव लावलेले असते. तुमच्या बाबतीत ‘खोत’ हे वतनावरून आलेले आहे आणि दुसरे नाव गावावरून, त्यामुळे दोन्हींपैकी कोणत्याही एकावर भिस्त ठेवू नये. जमिनीचा गट किंवा जुना सर्व्हे नंबर, कुलदैवत, गोत्र आणि बापलेकांच्या नावांची साखळी या चार गोष्टी दोन्ही कागदांत जुळल्या तर माणूस तोच समजावा. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात जन्ममृत्यूची नोंदवही, म्हणजे गाव नमुना १४, मागावी. जुनी पाने मोडीत असतील, तेव्हा जाणता वाचक सोबत न्यावा. त्र्यंबकेश्वराच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत तुमच्या कुळातील कोणी सही केली असेल, तर तिथे गाव आणि भाऊबंद एकत्र मिळतात.

सुरंगी (दापोली):
१६७१ चे वाचून जावई चकित झाले, परंतु शोधायला उत्सुकही झाले. आमच्या फेरफारात जुना सर्व्हे नंबर आहे, तेव्हा ती बाजू मी इथून पाहते. केपच्या नोंदी घरबसल्या पाहता येतील का?

वखारवाडी (वेंगुर्ले):
बऱ्याच पाहता येतात. डच रिफॉर्म्ड चर्चच्या पुष्कळ नोंदवह्यांची छायाचित्रे फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. ह्यूगेनोंना केपला नेणारी डच ईस्ट इंडिया कंपनी आम्हाला परकी नाही. तिने १६३७ मध्ये आमच्या वेंगुर्ल्यात वखार घातली, जिचे भग्नावशेष अजून उभे आहेत. हिशेब आणि नोंदी ठेवण्यात ती कंपनी फार काटेकोर होती व तिचे दप्तर हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जतन केलेले आहे.

केपच्या जुन्या घराण्यांच्या छापील वंशावळींत प्रत्येकाला एक संकेत दिलेला असतो. मूळ पुरुष ‘ए’, त्याची मुले ‘बी’, नातवंडे ‘सी’, आणि अक्षरापुढचा आकडा म्हणजे भावंडांतला क्रम. ‘बी२ सी४ डी१’ म्हणजे मूळ पुरुषाच्या दुसऱ्या अपत्याच्या चौथ्या अपत्याचे पहिले अपत्य. जावयांना आपल्या पणजोबांचे पूर्ण नाव, जन्मवर्ष आणि पत्नीचे माहेरचे आडनाव आधी काढायला सांगा. एवढ्यावर त्यांचा संकेत शोधता येतो, आणि तो मिळाला की मधल्या पिढ्या बाप्तिस्म्याच्या मूळ नोंदींशी एकेक करून ताडून पाहाव्यात, कारण छापील वंशावळींतही चुका राहिलेल्या असतात.