सासूबाई माळकरी आहेत, जपानी महोत्सवाला सोबत न्यावं का?

अमळनेरची सून: नमस्कार मंडळी. जुलैत पुण्याला जपानी सांस्कृतिक महोत्सव आहे. आठवीतली लेक वर्षभर कागदाचे करकोचे करतेय, तिला न्यायचंच आहे. सासूबाईंना घरी एकटं ठेवायला जीव धजत नाही. पण त्या माळकरी, त्यात गुडघे धरलेले. तिथे त्यांचे हाल तर नाही होणार?

यावलचा केळीवाला: ताई, बिनधास्त न्या. गेल्या साली आम्ही आईला अशाच एका महोत्सवाला नेलं होतं.

आधी खाण्याचं सांगतो. मिसो सूप सोयाबीनचं म्हणून शाकाहारी वाटतं, पण त्याचं पाणी बहुतेक वेळा 'दाशी'चं असतं, आणि दाशी बऱ्याचदा सुकवलेल्या बोनिटो माशाची. तुकडा दिसत नाही म्हणून वाढणारी पोरं "मासा नाही" सांगून मोकळी होतात. "दाशी कशाची?" असंच विचारा. नुसती कोम्बुची, म्हणजे समुद्री शेवाळाची असेल तर चालेल. दोरायाकी, म्हणजे गोड सारण भरलेले छोटे पॅनकेक, त्यात अंडं असतं. मोची मात्र तांदळाच्या चिकट पिठाची, आत अझुकी नावाच्या लाल कडधान्याचं गोड सारण. आईने एक चाखली नि म्हणाली, "हे तर पुरणच की रे!" तरी कळण्याची भाकरी नि ठेचा पिशवीत असू द्या.

चहाच्या विधीला बसतात ते आपलं वज्रासनच. आईला जमेना, तर त्यांनी न मागता स्टूल आणून दिलं.

आणि तानाबाता चुकवू नका. मूळ सण ७ जुलैचा. विणकरीण ओरिहिमे आणि गुराखी हिकोबोशी, लग्नानंतर कामं विसरली म्हणून आकाशगंगेच्या दोन काठांवर ठेवलेली, वर्षातून एकदाच भेटणारी. तारे म्हणजे आपले अभिजित आणि श्रवण. श्रवण आईला ठाऊक होता, दोन्ही बाजूंना एकेक तारा, कावडीसारखा. बांबूला इच्छेच्या चिठ्ठ्या बांधतात. आईला लिहिता येत नाही. ती सांगत गेली, मी लिहिलं : "औंदा वादळ नको, केळी उभी राहू दे." आदल्या जूनमध्ये आमचा अर्धा बाग आडवा झाला होता. गाठ मात्र तिने मला मारू दिली नाही. केळीच्या सोपटाला मारते तशी, दोन वेढे घेऊन, स्वतः मारली.

पाचोऱ्याची मावशी: लेकीला युकाता, म्हणजे सुती किमोनो, घालणार असाल तर डावी बाजू वर घ्या. उजवी वर फक्त मृताला घेतात. आमच्या पोरीचं उलटं झालं होतं, एका जपानी आजींनी धावत येऊन, सोडून, परत बांधून दिलं.

अमळनेरची सून: दादा, मावशी, सगळं सासूबाईंना वाचून दाखवलं. तिकिटं चौघांची काढतेय. त्या विचारताहेत, बांबू खरा असतो का?

यावलचा केळीवाला: खरा, ताई. पानांसकट, हिरवागार.