लहान ऑफिसचा डीएनएस कुठे बसवावा? माझं मत: राउटरवर

वायरमन
भोसरीत आमचं जिग-फिक्श्चर डिझाइनचं ऑफिस आहे. २२ पीसी, दोन प्रिंटर, ड्रॉइंगसाठी एक नॅस (नेटवर्कवरचा सामायिक फाइल-साठा), टॅलीचं एक मशीन. आजवर सगळं आयपी पत्त्यावर चालायचं. नॅसचा पत्ता व्हाइटबोर्डवर लिहून भोवती चौकट काढलेली, खाली ‘पुसू नये’. गेल्या महिन्यात नॅस बदलला, पत्ताही बदलला आणि दोन दिवस मी टेबलाटेबलाशी जाऊन शॉर्टकट दुरुस्त करत बसलो. आता ऑफिसचा स्वतःचा डीएनएस, म्हणजे नावावरून आयपी पत्ता सांगणारा सर्व्हर, हवाच.

माझ्या मते तो राउटरवर असावा. आमचा राउटर मायक्रोटिक कंपनीचा आहे, चार स्टॅटिक नोंदी (अमुक नाव, अमुक पत्ता) टाकल्या की काम झालं. वेगळा डबा आणला की त्याची दुखणी वेगळी. पटत नसेल त्यांनी भांडायला यावं.

डोमेनवाली
विंडोज डोमेन असेल, म्हणजे सगळ्यांचं लॉगिन डोमेन कंट्रोलर नावाच्या एका सर्व्हरवरून होत असेल, तर भांडायला जागाच नाही. लॉगिन करताना पीसी डोमेन कंट्रोलर शोधतो तो डीएनएसमधल्या एसआरव्ही नोंदींवरून (कुठली सेवा कुठल्या मशीनवर ते सांगणाऱ्या), म्हणून डीएनएस कंट्रोलरवरच ठेवायचा. आणि कृपा करून दुसऱ्या डीएनएसच्या रकान्यात गूगलचा ८.८.८.८ घालू नका. दुसरा डीएनएस म्हणजे स्टेपनी नव्हे! पहिल्याने एकदा उशीर केला की विंडोज दुसऱ्याला विचारतो. त्याला ऑफिसातली नावं ठाऊक नसतात, तो म्हणतो, “असं नावच नाही.” हेसुद्धा उत्तरच, त्यामुळे पीसी पुन्हा पहिल्याकडे विचारायला जात नाही. मग ‘कधी चालतं, कधी नाही’ अशा तक्रारी येत राहतात.

वायरमन
डोमेन नाही ताई, साधा वर्कग्रुप आहे. पण ते ८.८.८.८ आमच्याकडे आहे. काढतो.

पायभक्त
असहमत. राउटर मेला की इंटरनेट जातं हे ठीक, पण नॅस स्विचवर आहे, तो चालू राहायला हवा. नावंच राउटरवर असतील तर शेजारच्या टेबलाखालचा नॅससुद्धा सापडणार नाही. शिवाय उद्या राउटर बदलला की नोंदी पुन्हा पहिल्यापासून. एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर) घ्या, त्यावर पाय-होल हा डीएनएस प्रोग्राम टाका. जाहिरातीही जातात आणि कुठलं मशीन काय विचारतंय तेही दिसतं.

खटपट्या
पायभक्त, मीही त्याच पंथातला होतो. दिवाळीत चार दिवस मेन स्विच पाडून गेलो. परत येऊन चालू केला तर एकही साइट उघडेना. पाय ४ ला स्वतःचं घड्याळ नसतं, ते चार दिवस मागेच होतं. त्यावरचा अनबाउंड हा डीएनएस प्रोग्राम डीएनएसेकच्या सह्या (उत्तर खरं असल्याचा डिजिटल पुरावा, त्यावर तारीख असते) तपासतो. त्या त्याला ‘भविष्यातल्या’ दिसल्या, म्हणून त्याने सगळी उत्तरं नाकारली. घड्याळ लावायला टाइम सर्व्हर हवा, तो नावाने शोधायचा, म्हणजे पुन्हा डीएनएस. सकाळचे तीन तास गेले. शेवटी टाइम सर्व्हर म्हणून राउटरचा आयपी लिहून टाकला. (पाय ५ मध्ये घड्याळ आहे, पण त्याची बॅटरी वेगळी घ्यावी लागते.)

पायभक्त
हा दोष पायचा नाही, यूपीएस आणि आळसाचा आहे.

खटपट्या
चार दिवस टिकणारा यूपीएस कुठे मिळतो तेवढं सांगा, दोन घेतो.

डोमेनवाली
कुठेही बसवा, नावाच्या शेवटी डॉट लोकल लावू नका. २०१३ च्या आरएफसी ६७६२ या इंटरनेट मानकाने ते एमडीएनएससाठी (सर्व्हरशिवाय नावं शोधायची पद्धत) राखून ठेवलंय. मॅक आणि प्रिंटर ते नाव डीएनएसला न विचारता नेटवर्कभर ओरडून शोधतात. २०२४ मध्ये इंटरनेटवरची नावं सांभाळणाऱ्या आयकॅनने डॉट इंटरनल खाजगी वापरासाठी राखलं, ते घ्या.

केबलकाका
वायरमन, तुमच्या बाजूने मत, पण एक पाहाच. मायक्रोटिकवर ‘अलाऊ रिमोट रिक्वेस्ट्स’ची टिक केल्याशिवाय ऑफिसच्या पीसींना उत्तर मिळत नाही. आणि फायरवॉल ढिली असेल तर तीच टिक बाहेरच्या जगालाही उत्तरं देते. मग तुमचा राउटर दुसऱ्या कुणावरच्या हल्ल्यात फुकट राबतो. इंटरनेटच्या बाजूने डीएनएसचं ५३ नंबरचं पोर्ट बंद हवं, यूडीपी आणि टीसीपी दोन्ही.

वायरमन
काका, आत्ता मोबाइल डेटावरून आमच्या पब्लिक आयपीला विचारून पाहिलं. राउटरने लगेच उत्तर दिलं. टिक आधीच कुणीतरी करून ठेवली होती आणि पोर्ट उघडं. बंद केलंय.

पायभक्तांचा नॅसचा मुद्दा खरा आहे, पण राउटर बंद पडला की आमच्याकडे तसंही सगळे चहाला जातात. शनिवारी नोंदी टाकतो, सगळ्या सेटिंगची फाइल एक्सपोर्ट करून पेनड्राइव्हवर ठेवतो.

पायभक्त
पेनड्राइव्ह कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे तेही व्हाइटबोर्डवर लिहा.