बेस्ट बाय वाढलं ते वादळामुळे की कमिशन काढल्यामुळे?

ताळेबंद
बेस्ट बाय या अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांच्या साखळीचा विषय निघाला की जो तो वादळापासून सुरुवात करतो. रिचर्ड शुल्झनं १९६६ साली मिनेसोटातल्या सेंट पॉलमध्ये 'साउंड ऑफ म्युझिक' नावाचं स्टीरिओचं दुकान काढलं. जून १९८१ मध्ये रोझव्हिलच्या शाखेवर चक्रीवादळ आलं. पठ्ठ्यानं उरलासुरला माल पार्किंगमध्येच मांडला आणि 'बेस्ट बाय'ची जाहिरात ठोकली. एरवी महिनाभरात जमत नसे एवढा गल्ला चार दिवसांत जमला. १९८३ मध्ये कंपनीचं नावच बदललं.

गोष्ट झकास आहे. पण माल स्वस्तात फुंकला की झुंबड उडते, हे कुठल्याही दुकानदाराला ठाऊक असतं. माझ्या मते खरा पाया १९८९ मध्ये पडला. विक्रेत्यांचं कमिशन बंद करून त्यांना ठरलेला पगार दिला, गोदामातला माल काढून गिऱ्हाइकासमोर रचला. बघा, उचला, गल्ल्यावर जा. विक्रेत्यानं मागे लागल्याशिवाय माल खपणार नाही असं मानणाऱ्या काही उत्पादक कंपन्या यावर बिथरल्या, माल देईनात. तरी हे हटले नाहीत.

शंकासुर
म्हणजे गिऱ्हाइकावर उपकारच केले म्हणायचे! अहो, विक्रीचा खर्च छाटला आणि त्यातून भाव पाडले, एवढा सरळ हिशेब आहे. प्रामाणिकपणा बघायचा तर २००७ आठवा. कनेक्टिकट राज्याचे ॲटर्नी जनरल, म्हणजे मुख्य सरकारी वकील, रिचर्ड ब्लूमेंथल यांनी याच कंपनीवर दावा लावला होता. दुकानातल्या संगणकावर कंपनीच्या वेबसाइटसारखंच दिसणारं एक अंतर्गत पान उघडतं आणि त्यावरचे भाव चढे असतात, असा आरोप होता. म्हणजे माणूस घरी भाव बघून निघणार आणि दुकानात त्यालाच वाटणार, आपणच चुकीचं वाचलं. कमिशन नसलं म्हणून काय झालं?

काउंटरमागचा
शंकासुर, कमिशनवर कधी काही विकलंय का? मी विकलंय. अमेरिकेतल्याच एका दुकानात, तीन वर्षं. नाव नको. जाहिरातीतला स्वस्त टीव्ही आम्ही कोपऱ्यात ठेवायचो, तोही रंग फिका करून. शेजारी महागडा, झगझगीत. गिऱ्हाईक जाहिरातीचा कागद नाचवत आलं की आमचं वाक्य ठरलेलं, "हाही चांगलाच आहे, फक्त..." त्या 'फक्त'वर माझं घरभाडं निघायचं.

एकदा एक आजोबा स्वयंपाकघरासाठी छोटा टीव्ही घ्यायला आले. जाताना दुप्पट मोठा घेऊन गेले, वर पाच वर्षांची वाढीव वॉरंटी. आठवड्यानं परत आले, आवाज कसा वाढवायचा ते विचारायला. मी लांबूनच पाहिलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकात अडकल्याचं नाटक केलं. माल परत आला की कमिशन कापलं जायचं, म्हणून. अजून लाज वाटते. त्यामुळे १९८९ चा निर्णय मला नुसता खर्च कापण्याचा वाटत नाही.

तिरपागडं
सगळं पटलं, पण सर्किट सिटीचं काय? ती तर याच धंद्यातली, बेस्ट बायहून जुनी कंपनी, १९४९ पासूनची. त्यांनीही २००३ मध्ये कमिशन काढलं. नोव्हेंबर २००८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज, २००९ मध्ये दुकानांना टाळं. औषध एकच, मग एक पेशंट धावतोय आणि दुसरा गेला, असं का?

ताळेबंद
औषध एक नव्हतंच. कमिशन काढताना सर्किट सिटीनं ३,९०० विक्रेत्यांना घरी बसवलं. २००७ मध्ये आणखी ३,४०० काढले, गुन्हा काय तर पगार जास्त. पगार कोणाचा जास्त असतो? ज्यांना माल कळतो त्यांचा! त्यात २००० मध्येच त्यांनी फ्रीज, वॉशिंग मशीन विकणं सोडलं होतं. हे म्हणजे पथ्य पाळतो म्हणून जेवणच बंद करण्यासारखं झालं.

शंकासुर
बघा, आता तुम्हीच मुद्दा सोडलात! कमिशन असो वा नसो, जाणती माणसं टिकवली का, एवढाच प्रश्न उरला. आणि १९८९ चा पाया एवढा भक्कम होता तर २०१२ मध्ये हे लोक गाळात का गेले? गिऱ्हाईक टीव्ही इथे बघायचं आणि विकत घ्यायचं ॲमेझॉनवर. समोर रचलेला माल हीच पंचाईत होऊन बसली. मग ह्युबर्ट जोली सीईओ म्हणून आले. सुरुवातीचे काही दिवस सेंट क्लाउडच्या दुकानात साध्या कर्मचाऱ्यासारखे उभे राहिले. २०१३ मध्ये ऑनलाइन जो भाव तोच दुकानात द्यायला लागले आणि सॅमसंगला दुकानातच दुकान थाटू दिलं. सॅमसंगच्या कोपऱ्यात उभा असलेला माणूस तुम्हाला एलजीचा टीव्ही सुचवेल का? तुमचा निःपक्षपाती विक्रेता गेला कुठे?

ताळेबंद
कोपऱ्यांचा मुद्दा मान्य, तिथे मला उत्तर नाही. 'मुद्दा सोडलात' हे मात्र अमान्य. कमिशन असताना जाणता माणूस आपली अक्कल गिऱ्हाइकाविरुद्ध वापरतो. वर काउंटरमागचा यांनी तेच सांगितलंय ना?

काउंटरमागचा
हो, तेच. पण तुम्ही दोघंही गीक स्क्वाड विसरलात. २००२ मध्ये बेस्ट बायनं ती छोटी दुरुस्ती कंपनी ३० लाख डॉलरला घेतली. एवढ्या मोठ्या साखळीच्या मानानं चिल्लरच. घरी येऊन टीव्ही भिंतीवर चढवणं, वायफाय जोडणं, हे काम कुरियरवाला करत नाही. भावात हरलेल्या दुकानाकडे जायला माणसांना काहीतरी कारण उरलं ते त्यामुळे. आमच्या आजोबांना तेवढंच हवं होतं. घरी जाऊन रिमोटवरचं एक बटण दाखवायचं.

शंकासुर
आणि त्या बटणाचं बिल किती झालं असतं, तेही सांगा.