मदत हवी आहे: डॅश आणि कंसानं दिलेला जोर ऐकू कसा जाईल?

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात महिला बचत गटाची सचिव आहे. बैठकीचं प्रोसिडिंग, अर्ज, सूचना, सगळं लिहायचं माझ्याकडेच. वाचनाचा नाद असल्यानं लिहिताना डॅश आणि कंस आपोआप पडतात. आता तेच नडलं.

मागच्या महिन्याची सूचना अशी होती:

"बैठक शनिवारी दुपारी ३ वाजता समाजमंदिरात. सर्व सदस्यांनी — विशेषतः कर्जदार सदस्यांनी — हजर राहावे. हप्ता १० तारखेपर्यंत भरावा (त्यानंतर ५० रुपये दंड)."

आमच्याकडे सूचना ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर वाचली जाते. शिपाईभाऊंनी डॅशवर दमसुद्धा घेतला नाही, आणि कंसातलं तर वाचलंच नाही. विचारलं तर म्हणाले, "कंसातलं समजून घ्यासाठी असते ना ताई, वाचासाठी थोडीच?" १५ तारखेला एक काकू हप्ता घेऊन आल्या. दंड मागितला तर, "दंड तं कोनं सांगतलाच नाही, मंग कायले देऊ?" त्यांचंही बरोबरच होतं. मी कंस घातला तो उठून दिसावा म्हणून, गावानं तो गाळायचा मजकूर समजला.

हिशेबातही तेच. "शिल्लक — ४,२००" लिहिलं आणि अध्यक्षबाईंचा चेहराच उतरला. त्यांनी ते उणे वाचलं. रकमेनंतरची "/-" मात्र कोणाला खटकत नाही, पुढे कोणी आकडा घुसवू नये म्हणून ती लागतेच हे सगळ्यांना ठाऊक.

तर जाणकारांनो, जोर द्यायला डॅश कधी आणि कंस कधी? आणि जे मोठ्यानं वाचलं जाणार त्यात काय करायचं?

प्रतिसाद १

ताई, दोन्हींचं काम उलटं आहे. डॅशमध्ये आवाज चढतो, कंसात उतरतो. दंड कंसात घातलात म्हणजे कानात सांगितलात. शिपाईभाऊंना दोष देऊ नका.

जुन्या मोडी लिपीत विरामचिन्हं नव्हतीच. ती मराठीत रुळली एकोणिसाव्या शतकात, मेजर कँडी या इंग्रज अधिकाऱ्याच्या खटपटीनं, इंग्रजीच्या धर्तीवर. त्याआधी माणसं जोर देत नव्हती थोडीच! आपल्याकडे "च" आहे, "तर" आहे, "सुद्धा" आहे, आणि ही सगळी भोंग्यावर ऐकू येतात. फक्त "च" कुठं चिकटवता ते बघा. "कर्जदारांनीच यावे" लिहिलंत तर बाकीच्या बाया घरी बसतील. "कर्जदारांनी यावेच" लिहा. दंडाला त्याचं स्वतःचं वाक्य द्या, आणि तेही हप्त्याच्या वाक्याला लागून.

डॅश ठेवायचाच असेल तर वाक्याच्या शेवटाकडे, एकदाच. "सगळ्या आल्या — एक सचिव सोडून." इथं वाचणारा आपोआप थांबतो. मध्ये दोन डॅशांची जोडी घातली की वाचणाऱ्याला पहिलं टोक धरून ठेवावं लागतं, मोठ्यानं वाचताना ते सुटतंच.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. आकड्याआधी डॅश कधीच नको, विसर्गासारखे दोन टिंबही नकोत, सरळ "शिल्लक रु. ४,२००/-" लिहा. आणि फोनवर बहुतेक जण संयोगचिन्हाची छोटी रेघच डॅश म्हणून टाकतात. कीबोर्डवर ती रेघ दाबून धरली की लांब रेघ मिळते. "आई-वडील" मधली वेगळी, तुमची वेगळी.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. नवीन सूचना अशी केली:

"बैठक शनिवारी दुपारी ३ वाजता समाजमंदिरात आहे. सर्वांनी यावे. कर्ज घेतलेल्यांनी तर यावेच. हप्ता १० तारखेपर्यंत भरावा. ११ तारखेपासून ५० रुपये दंड लागेल. पुन्हा सांगतो, ५० रुपये दंड लागेल."

"पुन्हा सांगतो" शिपाईभाऊंनी स्वतःच घालायला लावलं. काकूंनी घरातूनच ओरडून सांगितलं म्हणे, "आयकलं, आयकलं!" प्रोसिडिंगमधले डॅश मात्र तसेच ठेवलेत. ते बँकेचे साहेब सोडले तर मी एकटीच वाचते.